टेकडीच्या पायथ्याचं घर

माळव्यात जाणार असं कळल्यावर आईनं माझ्या हातात यादी दिली नाही. इंदूरची शेव नको, महेश्वरी साडी नको, काही नको. पिशवीत चपात्या आणि शेंगाचटणी भरता भरता एवढंच म्हणाली, "देवासला जाशील ना? मग वसुंधराताईंनी गाणं कसं सांभाळलं तेवढं बघून ये." जणू ते तिथं कुठल्या फळीवर ठेवलेलं असणार आणि मी ते कागदात गुंडाळून आणणार!

आईच्या या सांगण्यामागं थोडी कहाणी आहे. तिचं माहेर निपाणीचं, मराठी. सासर बेळगावचं, कन्नड. अशी घरं आपल्या भागात गल्लीगल्लीत आहेत, त्याचं काही नवल नाही. लग्नाआधी ती गाणं शिकत होती, गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा देत देत मध्यमेपर्यंत पोचली होती. लग्नात भांड्याकुंड्यांबरोबर मिरजेचा तंबोराही आला. आमच्या अज्जीनं, म्हणजे वडिलांच्या आईनं, सुनेला गाऊ नको असं कधीही म्हटलं नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण अशा गोष्टीत सासूला खलनायिका करणं फार सोपं असतं. अडचण वेगळीच होती. घरात अकरा माणसं, आणि नळाला पाणी यायचं पहाटे चारला. रियाजाची वेळ तीच आणि घागरी भरायची वेळही तीच. तंबोरा आधी खोलीच्या कोपऱ्यात होता, मग कपाटावर गेला, मग जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर. कुणी तो तिथं ठेवायला सांगितलं नाही. तो आपोआप तिथं पोचला.

कुमार गंधर्वांची जन्मशताब्दी २०२४ च्या एप्रिलमध्ये झाली, तेव्हा आमच्या महाविद्यालयात मी एक व्याख्यान दिलं. कुमार म्हणजे आपले. सुळेभावीत ८ एप्रिल १९२४ ला जन्मलेले शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली. बेळगावातून सकाळी निघालं तर चहाच्या वेळेला सुळेभावीहून परत येता येतं, इतकं जवळचं गाव. कन्नड घरातल्या मुलानं मराठी गुरूकडे शिकावं, हिंदी प्रदेशात राहावं आणि कबीर गावा, याचा अभिमान आपण सीमाभागातल्या माणसांनी नाही बाळगायचा तर कुणी? मी तासभर बोलले. टाळ्याही बऱ्या पडल्या. आई तिसऱ्या रांगेत बसली होती. घरी येऊन तिनं साडी बदलली, कुकर लावला आणि मग म्हणाली, "त्यांच्या मागं तंबोरा घेऊन बसायच्या त्या बाईंवर तू दोनच वाक्यं बोललीस."

मी मोजून पाहिलं. दोनच होती.

गेल्या हिवाळ्यात माझ्या मावसबहिणीचं बोलावणं आलं. तिचे यजमान बँकेत आहेत आणि त्यांची बदली डहीला झाली होती. डही कुठं आहे हे मलाही नकाशात शोधावं लागलं. धार जिल्ह्याच्या अगदी नैर्ऋत्य कोपऱ्यात, कुक्षीच्या पलीकडं, नर्मदेच्या बाजूला. बेळगावहून पुणे, पुण्याहून रात्रीच्या गाडीनं इंदूर, तिथून धार, मग कुक्षी आणि मग डही. अंग आंबून गेलं. पण शेवटच्या टप्प्यात खिडकीबाहेर ताडाची झाडं दिसू लागली, कापसाची शेतं, उतारावर एकेकटी घरं, आणि वाटलं, बरं झालं आलो.

डही हा भिल्ल-भिलाला लोकांचा मुलूख. भिलाली, निमाडी आणि हिंदी अशा तीन भाषा बाजारात एकाच वाक्यात ऐकू येतात. बाजाराच्या दिवशी एक म्हातारी टोपलीत लाल मिरच्या घेऊन बसली होती. शेजारणीशी ती एका भाषेत बोलली, माझ्या बहिणीशी दुसऱ्या आणि पैसे मोजताना तिसऱ्या. मला आपला शनिवारखूट आठवला. आपल्याकडं नाही का भाजीवाली "एष्ट्री?" असं विचारणाऱ्या गिऱ्हाईकाला कन्नडमधून भाव सांगते, पुढच्याला मराठीतून, आणि दोघांनाही तेवढीच फसवते! होळीच्या आधी या भागात भगोरियाचे बाजार भरतात, ढोल-बासरी आणि गाणी दिवसभर चालतात. मी गेले तेव्हा ते नव्हतं. पण संध्याकाळी कुठल्याशा घरी लग्नाची तयारी चालली होती आणि बायकांचा एक घोळका एका संथ चालीवर पुन्हापुन्हा तीच ओळ म्हणत होता. एकीचा दम संपला की दुसरी ती ओळ उचलायची. गाणं कुठंच तुटत नव्हतं. तेव्हा मी त्याकडं फार लक्ष दिलं नाही.

इथून नर्मदा जवळ. सरदार सरोवराचं धरण २०१९ साली पहिल्यांदा १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरलं आणि धार-बडवानी भागातली काठावरची कितीतरी गावं पाण्याखाली गेली. बहिणीच्या यजमानांनी दुचाकीवरून नेऊन ते पसरलेलं पाणी दाखवलं. नदी म्हणावं तर वाहत नाही, तळं म्हणावं तर काठ दिसत नाही. आम्ही कुणीच फारसं बोललो नाही. अलमट्टीच्या पाण्यात जुनं बागलकोट गेलेलं ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

पण डहीत मला खरं भेटलं ते बहिणीच्या सासूबाईंच्या रूपानं. वय शहाऐंशी. जन्म धारचा, लग्नानंतर बराच काळ इंदूर, आणि आता मुलाच्या बदल्यांबरोबर गावोगाव. त्यांची मराठी माळव्यातली, म्हणजे हिंदीचा हात धरून चालणारी. आपल्या कन्नड वळणाच्या मराठीला पुण्याची मंडळी हसतात, तसं त्यांच्या मराठीलाही कुणीतरी हसलं असणारच. आम्हा दोघींचं त्यामुळं लगेच जुळलं. मी बेळगावची म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे कुमारजींच्या गावची!" मी मान ताठ केली. मग त्या म्हणाल्या, "आम्ही त्यांना इंदूरला ऐकलं होतं. सगळे लोक कुमारजींकडे बघून राहिले होते. मी वसुंधराबाईंकडे बघून राहिले होते."

"का हो आजी?"

"माझ्या मांडीवर लेक होता ना. हाच, आता बँकेत जातो तो. हा रडला असता तर मला उठून जावं लागलं असतं. मी आपली विचार करून राहिले, हिच्या घरीपण लेकरं असतील. ही कुणाजवळ ठेवून आली असेल?"

गाणं कुठलं होतं, राग कुठला होता, हे आजींना आठवत नव्हतं. तंबोऱ्यावर फिरणारी बोटं मात्र आठवत होती. आईच्या प्रश्नाची जुळी बहीणच मला डहीत भेटली म्हणायची.

तीन दिवसांनी परत निघाले. बहिणीनं आईसाठी बाग छपाईचं एक कापड दिलं. बाग हे गाव तिथून जवळच, लाल-काळ्या ठशांच्या कापडासाठी आणि जुन्या बौद्ध लेण्यांसाठी नाव असलेलं. वाटेत धारला दोन तास मिळाले. किल्ला पाहिला. दुसऱ्या बाजीरावाचा जन्म याच किल्ल्यातला, १७७५ चा. पेशवाईचा शेवट ज्याच्या हातून झाला तो मूळचा इथला, हे कळल्यावर त्या भिंतींकडं जरा रागानंच पाहिलं गेलं. उगीचच. भिंतींचा काय दोष!

मग इंदूर, आणि दुसऱ्या दिवशी देवास.

देवास आपल्याला वाटतं तितकं परकं नाही. मराठे माळव्यात उतरले तेव्हा पवार घराण्यातल्या तुकोजी आणि जिवाजी या भावांना हा मुलूख मिळाला, आणि एकाच गावात दोन गाद्या झाल्या. थोरली पाती आणि धाकटी पाती. गाव एक, दरबार दोन. इ. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचा खासगी चिटणीस होता, आणि पुढं १९५३ मध्ये त्यानं या दिवसांवर जे पुस्तक लिहिलं त्याचं नावच देवीच्या टेकडीवरून ठेवलं. त्याच महाराजांना कोल्हापूरच्या राजर्षी शाहूंची लेक दिलेली होती. आणि १९४७ साली देवासहून विक्रमसिंह पवार कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले, तेच छत्रपती शहाजी महाराज. आपल्याकडच्या जुन्या मंडळींनी त्यांना पाहिलेलं आहे. कवी भा. रा. तांब्यांच्या आयुष्याचाही काही काळ देवासात गेला. एवढी सगळी ये-जा असताना आम्ही शाळेत देवासचं नाव फक्त नोटांच्या छापखान्यासाठी ऐकलं, ही गंमतच.

टेकडी गावाच्या मधोमध आहे. वर दोन देव्या, बडी माता आणि छोटी माता. बडी माता म्हणजे आपली तुळजाभवानीच, छोटी माता चामुंडा. आता वर जायला रोपवे आहे, पण मी पायऱ्यांनी गेले. वर पोचल्यावर माळवा सगळीकडं सपाट पसरलेला दिसतो. याच हवेसाठी १९४८ साली एक चोवीस वर्षांच्या आतला, क्षयानं पोखरलेला गवई मुंबईहून इथं आणला गेला होता. गायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. पाच-सहा वर्षं अंथरुणावर. रस्त्यानं जाणाऱ्या बायका-माणसांची माळवी गाणी खिडकीतून ऐकणं, एवढंच संगीत. पुढं स्ट्रेप्टोमायसिन आलं, जीव वाचला, पण एक फुफ्फुस कायमचं निकामी झालं. त्या काळात घर चालवलं ते पत्नी भानुमतींनी. शाळेत नोकरी करून, आणि घरी आल्यावर शुश्रूषा करून. १९६१ साली दुसऱ्या मुलाच्या जन्माच्या वेळी भानुमती गेल्या.

टेकडीच्या पायथ्याशी कुमारांचं घर आहे. त्याचं नाव 'भानुकुल'.

मी फाटकाबाहेर उभी राहिले. न कळवता कुणाच्या घरात शिरणं बरं दिसलं नसतं, आणि कळवायचं धाडस मी केलं नव्हतं. पण नाव वाचता येत होतं, आणि त्या नावापाशीच मी थबकले. १९६२ साली वसुंधरा श्रीखंडे कुमारांशी लग्न करून देवासला आल्या. एकतीस वर्षांची नवी नवरी. घरात एक पाच-सहा वर्षांचा मुलगा, मुकुल, आणि एक वर्षाच्या आसपासचा, यशोवर्धन. पुढं घरावर नाव लागलं ते आधीच्या पत्नीचं, आणि २९ जुलै २०१५ ला वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी डोळे मिटेपर्यंत वसुंधराताई त्या नावाखाली राहिल्या. आपल्या घरांत सवतीच्या फोटोला हार घालावा लागतो तर त्यावरून दोन-दोन पिढ्या धुसफूस चालते. त्यांच्या मनात काय होतं ते मला कसं कळणार? मी फक्त पाटी वाचली.

त्यांचा तिथपर्यंतचा रस्ताही सरळ नव्हता. जन्म २३ मे १९३१, जमशेदपूरचा. मराठी घर, पण मुलगी वाढली कलकत्त्यात. लहान वयातच आकाशवाणीच्या कलकत्ता केंद्रावर गायला लागली. बारा वर्षांची असताना कलकत्त्याच्या संगीत परिषदेत तिनं कुमारांना ऐकलं आणि मला शिकवा म्हणून हट्ट धरला. कुमार तेव्हा स्वतःच एकोणीस-वीस वर्षांचे! मुंबईला ये, शिकवीन, असं उत्तर मिळालं. मध्ये महायुद्ध होतं. ती मुंबईला पोचली १९४६ साली, पंधराव्या वर्षी. तोवर कुमारांना शिकवायला सवड नव्हती, इतकं त्यांचं नाव झालं होतं. मग ती शिकली प्रा. बी. आर. देवधरांकडं. देवधर मास्तर हे कुमारांचेही गुरू, आणि मूळचे मिरजेचे. (गाण्यात कुठंही गेलं तरी शेवटी मिरज येतेच.) कुमार देवासला गेले, आजारी पडले, बरे झाले. वसुंधराबाईंना त्यांच्याकडं शिकायला मिळालं ते नंतर.

म्हणजे बाराव्या वर्षी धरलेला गुरू पुरता मिळायला किती वर्षं गेली बघा. मी वर्गात मुलींना हे सांगते तेव्हा त्या मोबाइलवरून नजर उचलतात.

आता मुद्द्याचं. गायकाच्या मागं तंबोरा घेऊन बसणं हे काम आपण काय समजतो? शोभेचं. व्यासपीठावर दोन चांगल्या साड्यांतल्या मुली मागं बसलेल्या दिसल्या की आपल्याला वाटतं, यांना काही विशेष करायचं नसतं. चार तारा, त्या एकापाठोपाठ एक छेडायच्या. पण तार जुळवणं म्हणजे नुसता पंचम आणि षड्ज लावणं नव्हे. घोडीवर तारेखाली सुताचा एक धागा सरकवतात, तो केसभर इकडं तिकडं झाला की जवारी बदलते, आणि मग एकाच तारेतून निघणारे बाकीचे सूर ऐकू येतात किंवा येईनासे होतात. कुमार तंबोरा जुळवण्याबद्दल किती काटेकोर होते हे गाण्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. अशा माणसाच्या मागं बसायचं म्हणजे दोन-तीन तास कान एका जागी खिळवून ठेवायचा. लय तबल्याकडं, बोट तारेवर, आणि वर गळाही तयार ठेवायचा.

हा गळा तयार ठेवणं फार महत्त्वाचं होतं. कुमार गायचे ते एका फुफ्फुसावर. लांबच लांब तानांऐवजी छोटे, टोकदार सुरावटींचे तुकडे त्यांनी आपली शैलीच केली. पण तुकडा संपतो आणि पुढचा सुरू होतो, त्या मधल्या क्षणाचं काय? जुनी ध्वनिमुद्रणं नीट ऐका. त्या मोकळ्या जागेत कधी तंबोरा असतो, कधी मागून एक बाईचा आवाज येतो. पुढं घुसत नाही, मागंही राहत नाही. धागा हातात धरतो, आणि कुमार आले की सोडून देतो. डहीला त्या लग्नघरातल्या बायका करत होत्या तेच. हे मला भानुकुलच्या फाटकासमोर उभं राहून सुचलं, डहीत सुचलं नव्हतं.

याला त्याग म्हणायचं का? आपल्याकडं हा शब्द फार स्वस्त आहे. महिला दिनाच्या भाषणात तो पाचदहा वेळा तरी येतो, आणि मीही वापरलेला आहे. पण धागा धरणारीला तो कधी सोडायचा हे कळायला गायकाइतकंच गाणं यावं लागतं. ज्याला गाणं येत नाही त्याला हा त्याग करताच येणार नाही! 'त्रिवेणी'त कबीर, सूर आणि मीरा यांची भजनं कुमार आणि वसुंधराताई दोघं गायले. ते ऐकताना कुणी कुणासाठी काय सोडलं असा हिशेब मनात येत नाही.

दुसऱ्या बाजूनं, "नवरा गवई होता म्हणून जमलं, आमच्यासारखीला कसं जमणार," असं म्हणणंही तितकंच सोपं. माझी आईही हेच म्हणते. पण गवयाच्या घरात गाणं असतं ते गवयाचं. येणारे-जाणारे, शिष्य, मित्र, 'नई दुनिया'चे संपादक राहुल बारपुते यांच्यासारखी इंदूरची जाणकार मंडळी, बैठकी, आणि त्या सगळ्यांचा चहा. १९६४ मध्ये कलापिनीचा जन्म झाला, म्हणजे घरात तीन मुलं. नळाला पाणी किती वाजता यायचं ते मला माहीत नाही, पण ते कुणीतरी भरत असणारच.

१२ जानेवारी १९९२ ला कुमार गेले. वसुंधराताई तेव्हा साठ वर्षांच्या. आपल्याकडं साठीनंतर, त्यातून नवरा गेल्यावर, बाईनं काय करायचं हे ठरलेलं असतं. नातवंडं, पोथी, आणि "आता आमचं काय राहिलंय". वसुंधराताई पुढं तेवीस वर्षं जगल्या आणि गायल्या. पुढं बसून गायल्या. लेकीला घडवलं. कलापिनी कोमकली यांचं गाणं आपण आज ऐकतो, ते आईवडील दोघांकडून आलेलं आहे. मुकुल शिवपुत्रांचे चिरंजीव भुवनेश यांनाही आजीनं शिकवलं. देवासला संगीताची माणसं येत राहिली, आणि कुमारांनी काय विचार केला होता हे विचारायला आलेल्यांना उत्तर देणारं माणूस त्या घरात होतं. पद्मश्री मिळाली ती २००६ मध्ये, म्हणजे पंचाहत्तरीच्या उंबऱ्यावर. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार २००९ चा, वय अठ्ठ्याहत्तर.

हे आकडे मी दोनदा तपासले. त्यांची दखल इतक्या उशिरा घेतली गेली याचा राग येतो, आणि त्याच वेळी बरंही वाटतं की त्या तोपर्यंत होत्या. कितीजणी नसतात.

आणखी एक गोष्ट मनात राहिली. सुळेभावीच्या कन्नड घरातला मुलगा, जमशेदपूर-कलकत्त्याची मराठी मुलगी, घर माळव्यात, गाणं ग्वाल्हेरच्या मुशीतलं, आणि भजनं कबीराची. आपण इथं पाट्यांवर कुठली भाषा वर असावी यावरून वर्षानुवर्षं भांडतो. त्या भांडणात मीही एका बाजूला आहे, ते नाकारत नाही. पण त्या फाटकासमोर ते भांडण मला काही केल्या आठवेना. टेकडीवरून घंटेचा आवाज येत होता. एक मुलगा सायकलवरून गेला, त्यानं माझ्याकडं वळून पाहिलं. अशा उभ्या राहणाऱ्या बायका त्यानं आधीही पाहिल्या असणार. मी रिक्षा शोधायला निघाले.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. डहीच्या आजींचं सांगितलं तेव्हा ती हसली. "खरंच, कुणाजवळ ठेवायच्या असतील मुलांना?" असं स्वतःशीच म्हणाली. भानुकुल या नावाचं सांगितलं तेव्हा मात्र गप्प झाली. बागचं कापड तिनं उलगडून पाहिलं, छान आहे म्हणाली आणि घडी घालून ठेवून दिलं. गाणं कसं सांभाळलं, याचं नेमकं उत्तर माझ्याजवळ नव्हतंच. मी म्हटलं, "आई, त्यांनी ते सोडलं नाही, एवढंच मला कळलं. मागं बसायचं असलं तरी सोडलं नाही."

"एवढं मलाही माहीत होतं की," आई म्हणाली. "त्यासाठी देवासला कशाला जायला पाहिजे होतं?"

रात्री जेवणं झाल्यावर मी मोबाइलवर 'त्रिवेणी' लावलं. आई ओटा पुसत होती. ती पुसायची थांबली. आमच्या घरात आवडीनिवडीचं बोलणं कन्नडमध्ये होतं, का ते विचारू नका, तशी सवय पडली आहे. भजन संपल्यावर ती तिकडूनच म्हणाली, "मत्तोम्मे हच्चु." पुन्हा लाव. मी पुन्हा लावलं. तिसऱ्या वेळी ती गुणगुणत होती. नीट कान दिला तर कळलं, ती कुमारांची ओळ म्हणत नव्हती. मागचा आवाज धरला होता तिनं.

परवा माळ्यावरून तंबोरा काढला. लुगडं उसवत गेलं होतं, पण खुंट्या शाबूत आहेत. भोपळ्याला एक चीर गेली आहे, बोटभर लांब. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मी हौसेनं ती बातमी कापून ठेवली होती, त्यामुळं कुठल्या गल्लीत चौकशी करायची ते तरी ठाऊक आहे. एका कारागिराशी फोनवर बोलले. चीर भरता येईल का, ते वस्तू पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही म्हणाले. रविवारी सकाळच्या गाडीनं जायचं आहे. भोपळा मांडीवर धरून बसावं लागेल, आणि आई म्हणते, तो ती धरणार आहे, मी नाही.